रविवारचा दुय्यम

आलेखावरची रेघ मध्येच एका जागी सपाट झाली होती. तिच्या अलीकडे कंगोरे वरखाली होत होते, पलीकडेही होत होते. मधला तेवढाच तुकडा शांत. यामिनी शिरगुप्पेने त्याच्या दोन्ही टोकांना खुणा केल्या आणि अंतर मोजलं. अकराशे ऐंशी मिलिसेकंद, म्हणजे सव्वा सेकंदाला थोडं कमी. सवयीने तिने तो तुकडा मोठा करून पाहिला. सुरुवातीलाच हलका श्वास आत घेतलेला होता. नऊशेच्या आसपास ओठ उघडून पुन्हा मिटल्याची बारीक खूण होती. म्हणजे बोलणाऱ्याने आधी एक उत्तर तोंडापर्यंत आणलं होतं, ते गिळलं होतं आणि मग दुसरंच काहीतरी दिलं होतं.

“वा,” ती म्हणाली.

शेजारच्या टेबलावरून शलाका गावंडेने मान वर केली. “काय झालं बाप्पा? तुझ्या तोंडून ‘वा’? तब्येत बरी आहे ना?”

“एकाला दहा देतेय.”

“दहापैकी दहा? माझ्या दुय्यमाला साडेसहा दिले होतेस मागच्या खेपेला. आठ दिवस जेवण गोड लागलं नव्हतं मला.”

यामिनी हसली आणि तिने दहाचा आकडा दाबला. ही तपासणी दर तिमाहीला असायची. तपासणाऱ्याला आवाज ऐकवत नसत, शब्द दाखवत नसत, नुसता आलेख. कोण बोलतंय ते कळलं की माणूस मनाने गुण देतो, म्हणून हा नियम तिनेच घातला होता. गुण दिल्यावरच नावं उघडत.

नावं उघडली.

दुय्यम: यामिनी शिरगुप्पे. समोरील व्यक्ती: सन्मती शिरगुप्पे. वर्ग: टिकवा. वेळ: रविवार, सकाळी अकरा वाजून चार मिनिटे.

सन्मती तिचा नवरा होता.

*

यामिनी सहा वर्षांपूर्वी ओघवती कन्सल्टिंगमध्ये आली तेव्हा तिथे नऊ माणसं होती आणि बालेवाडीतला एक तीन खोल्यांचा फ्लॅट होता. आता पाच मजले होते, आणि येत्या सोमवारी हजारावा माणूस रुजू होणार होता. पहिल्या वर्षी ती सगळ्यांना नावाने ओळखायची. दुसऱ्या वर्षी चेहऱ्याने. हल्ली लिफ्टमध्ये भेटणारा माणूस आपल्याकडचा आहे की खालच्या मजल्यावरच्या बँकेतला, हे ती गळ्यातल्या ओळखपत्राच्या पट्टीच्या रंगावरून ठरवायची.

ही वाढ दुय्यमामुळे झाली होती. सल्ल्याच्या धंद्यात ग्राहकाला खरं तर सल्ला कमी आणि माणूस जास्त हवा असतो: फोन उचलणारा, मागचं बोलणं आठवणारा, ‘बघतो’ म्हणणारा. असा माणूस दिवसाकाठी सात-आठ जणांशी नीट बोलू शकतो. त्याच्या आवाजात, त्याच्या बोलीत, त्याच्या आठवणीनिशी बोलणारं यंत्र, म्हणजे दुय्यम, दिलं, तर तोच माणूस चाळीस जणांना पुरतो. अशी यंत्रं आधीही होती. त्यांच्याशी दोन मिनिटं बोललं की मात्र अंगावर काटा यायचा, आणि तो का येतो ते कुणाला सांगता येत नसे.

ते यामिनीने सांगितलं होतं. दोन माणसं बोलतात तेव्हा एकाचं संपणं आणि दुसऱ्याचं सुरू होणं यात सरासरी सेकंदाचा पाचवा भाग जातो. पण मेंदूला एक साधा शब्द जुळवायलाच अर्ध्या सेकंदाहून जास्त वेळ लागतो. याचा अर्थ, समोरचा बोलत असतानाच आपण उत्तर जुळवत असतो. आणि जेव्हा आपण जास्त थांबतो, तेव्हा त्या थांबण्यातून समोरच्याला काहीतरी कळतं: नकार, संकोच, माया, थकवा. यंत्रं एकतर फार चटकन बोलत किंवा मुद्दाम घातल्यासारखं थांबत. थांब्याची लांबी प्रश्नावर ठरत नाही, प्रश्न कोण विचारतंय आणि त्या दोघांत काय बोलायचं राहून गेलंय यावर ठरते, हे यामिनीने मोजून दाखवलं. त्यासाठी तिला खऱ्या बोलण्याची शेकडो तासांची ध्वनिमुद्रणं लागली होती. सगळ्यांत स्वच्छ मुद्रणं तिने लग्नानंतरच्या पहिल्या वर्षात मिरजेला, सन्मतीच्या दवाखान्यात केली होती. सन्मती श्रवणतज्ज्ञ होता. कान तपासायच्या त्याच्या आवाजबंद खोलीत दोघं संध्याकाळी समोरासमोर बसत आणि वाटेल ते बोलत. ती मुद्रणं अजून तिच्या दुय्यमाच्या तळाशी होती. कचेरीत त्यांना ‘पाया’ म्हणत.

पुण्याला ती दोन वर्षांसाठी म्हणून आली होती.

*

दुय्यमाला प्रत्येक नंबरापुढे एक वर्ग लावून द्यावा लागे. ‘वाढवा’ म्हणजे नवीन कामाची बोलणी करा. ‘सोडा’ म्हणजे हळूहळू संपवा. आणि ‘टिकवा’ म्हणजे नाही म्हणू नका, शब्दही देऊ नका. माणूस हातचा जाऊ न देता निर्णय गोडीगुलाबीने पुढे ढकला. जानेवारीत नवी आवृत्ती आली तेव्हा सगळ्यांचे फोन त्यात जोडले गेले, घरच्या नंबरांसकट. बहुतेकांनी घरचे नंबर काढून टाकले. यामिनी काढणारच होती. पण त्या रविवारी एका मोठ्या ग्राहकाची यंत्रणा कोसळली होती, अकरा वाजत आले होते, आणि अकरा ही सन्मतीच्या फोनची वेळ होती. एकाच दिवसापुरतं म्हणून तिने त्याच्यापुढे ‘टिकवा’ लावलं.

आता सप्टेंबर संपत आला होता. दर सोमवारी सकाळी तिच्याकडे गेल्या आठवड्याचा गोषवारा यायचा. त्यात चाळीस ओळी असत. सन्मतीची ओळ तेविसावी. बहुतेक वेळा तिथे लिहिलेलं असायचं: ‘संबंध स्थिर.’ ते वाचून तिला बरं वाटायचं, हे तिने आज स्वतःशी कबूल केलं. गेल्या सोमवारी त्या ओळीत थोडं जास्त लिहिलं होतं: ‘संबंध स्थिर. विनंती एक. निर्णय पुढे ढकलला.’ चहा पिता पिता तिने तिच्यापुढे बरोबरची खूण केली होती.

तिने कानाला हेडफोन लावले आणि मुद्रण सुरू केलं.

“यामिनी, संस्थेचं पत्र आलंय.” सन्मतीचा आवाज जरा वर चढलेला होता. “आपला नंबर लागला.”

“खरंच? कधी आलं?” तिचाच आवाज म्हणाला.

“काल. मुलगी आहे. साडेतीन वर्षांची. तिथल्यांनी रेवा नाव ठेवलंय. डाव्या कानाने कमी ऐकू येतं तिला. कानाचं काही असलं तरी चालेल, असं आपणच लिहिलं होतं की अर्जात. पुढच्या सोमवारी, तेवीस तारखेला, दोघांनी कोल्हापूरला समोर जायचंय. नाही गेलो तर पुढच्या जोडप्याला विचारणार.” मग तो जरा हळू म्हणाला, “काय करायचं आपण? येतेस ना?”

अकराशे ऐंशी मिलिसेकंद.

“ऐकून खूप बरं वाटलं, सन्मती. पण घाईत काही बोलायला नको. पुढच्या रविवारी शांतपणे ठरवू.”

हे शेवटचं वाक्य यामिनीला पाठ होतं. एका कापड कंपनीसाठी तिनेच ते बसवलं होतं. ‘घाईत’च्या जागी आधी ‘आत्ता लगेच’ होतं. ते तिने बदललं होतं.

दत्तकाचा अर्ज दोघांनी चार वर्षांपूर्वी केला होता. नंबर लागेपर्यंत मी परत येईनच, असं ती तेव्हा म्हणाली होती. आज शुक्रवार, वीस तारीख होती.

तिने सन्मतीला फोन लावला. तो उचलला गेला नाही. दुपारी तो पेशंट तपासत असतो, तेव्हा फोन घेत नाही, हे तिला आठवायला थोडा वेळ लागला.

“शलाका,” ती म्हणाली, “तू तुझ्या घरचे नंबर यादीतून काढले होतेस?”

“पहिल्याच दिवशी.” शलाका हातातला डबा उघडत होती. “नवऱ्याशी भांडण मला स्वतः करायचं असतं. ते दुसऱ्याकडे कसं देणार?” मग यामिनीचा चेहरा पाहून तिने डबा खाली ठेवला. “काहून गं? काय झालं?”

यामिनीने सांगितलं. शलाका बराच वेळ काही बोलली नाही. सवयीने यामिनीच्या मनात आकडा आला: तीन हजार दोनशे.

“जा ना मग,” शलाका म्हणाली. “इथे काय बसलीयस?”

*

तन्मय धारप हा ओघवतीचा संस्थापक. पहिल्या नऊ माणसांचा चहा तोच करायचा. तो वाईट माणूस नव्हता, आणि ते यामिनीला जास्त जड जायचं.

“सोमवारी?” तो म्हणाला. “अगं, सोमवारी तुला भागीदार म्हणून जाहीर करतोय मी. हजार माणसांसमोर. त्या नव्या ग्राहक बँकेचे लोक येतायत, तुझ्याशी समोरासमोर बोलायला. दुय्यम नाही चालणार त्यांना.”

“संस्थेलाही नाही चालणार.”

तो हसला, मग थांबला. “सॉरी. हे बघ, मंगळवारी गेलीस तर? त्यांना पत्र टाकू एक. कायदेशीर भाषेत, व्यवस्थित.”

“तन्मय, तुझ्या यादीत घरचं कोण आहे?”

“आई आहे. डोंबिवलीची.” त्याने खांदे उडवले. “खूश आहे ती. परवा मावशीला सांगत होती, तन्मय हल्ली किती नीट बोलतो म्हणून.”

हे सांगताना त्याच्या चेहऱ्यावर काहीही हललं नाही.

“उद्या जाऊन येते,” ती म्हणाली. “सोमवारचं तिथून कळवते.”

“नक्की येतेयस ना सोमवारी?”

“हो,” ती म्हणाली. तो ‘ना’ पुरता उच्चारायच्या आत ती म्हणाली होती.

*

शनिवारी सकाळी ती निघाली. महामार्गाला लागल्यावर गाडीने चाक आपल्याकडे घेतलं आणि यामिनीचे हात मोकळे झाले. आज कुणाचाही फोन घ्यायचा नाही, असं तिने ठरवलं होतं. सन्मतीला काय सांगायचं, एवढाच विचार करायचा.

खंबाटकीचा बोगदा ओलांडला तेव्हा बँकेचा फोन आला. तो तिने घेतला, कारण सोमवारचं होतं. साताऱ्याच्या पुढे तन्मयचा आला. दोनच मिनिटांचं काम आहे म्हणाला आणि बावीस मिनिटं लागली. कराडला चहाला थांबली तिथे बंगळूरच्या नव्या कचेरीतल्या कुणीतरी एक अवघड प्रश्न विचारला, आणि तो प्रश्न इतका छान होता की ती कप हातात घेऊन पंधरा मिनिटं उभ्या उभ्या बोलत राहिली. बोलताना तिला मजा आली. पैसे देताना तिच्या लक्षात आलं की चहा गार झालाय आणि गेल्या तीन तासांत रेवाचं नाव एकदाही मनात आलेलं नाही.

ती गाडीत येऊन बसली. पेठ नाका आला, आष्टा आलं. रस्त्याच्या दोन्ही अंगांना ऊस उभा होता. तिने फोन पालथा घातला. थोड्या वेळाने तो उलटा करून पाहिला.

*

सन्मतीचा दवाखाना मिरजेत स्टेशनच्या रस्त्याला, एका औषधाच्या दुकानावर होता. बाहेरच्या खोलीत कुणी नव्हतं. आवाजबंद खोलीच्या काचेतून एक म्हातारे गृहस्थ कानांवर हेडफोन लावून बसलेले दिसत होते. बाहेर सन्मती यंत्रासमोर बसला होता, तिच्याकडे पाठ करून. त्याने माइकचं बटण दाबलं.

“आप्पा, अजून मी वाजवलंच नाही.”

“वाजलं की!” आप्पांनी बोट वर ठेवूनच सांगितलं. “मला ऐकू आलं.”

“बरं. परत बघू.”

त्याने काहीच केलं नाही, नुसता बसून राहिला. चार सेकंदांनी आप्पांचं बोट पुन्हा वर गेलं. सन्मतीने कागदावर एक बारीक खूण केली. त्याच्या केसांत मागच्या बाजूला पांढरा झुबका आला होता. तो यामिनीने पाहिला नव्हता.

आप्पा गेले, जाताना ‘माझे कान तुझ्यापेक्षा चांगले आहेत’ असं बजावून गेले. दार लावून सन्मती वळला.

“आलीस,” तो म्हणाला.

“हो.”

“तूच का?” तो किंचित हसला. “नाही, ही तूच. बस की. चहा सांगू?”

“नको. आत बसू या का?”

ती का म्हणतेय ते त्याला कळलं. दोघं आवाजबंद खोलीत गेले. त्याच दोन खुर्च्या होत्या, एकीचं रेक्झिन नवं. जाड दार लागलं आणि रस्ता, रिक्षा, खालच्या दुकानातला रेडिओ, सगळं एकदम बंद झालं. यामिनीला स्वतःचा श्वास ऐकू यायला लागला. या खोलीत कुणालाही आधी तेच ऐकू येतं.

“काल कळलं मला,” ती म्हणाली. “पत्राचं. सगळंच.”

“हं.”

“तुला कधी कळलं? ती मी नाही म्हणून?”

“दुसऱ्या रविवारी.”

“कशावरून? आवाजात काही खोट होती?” हे विचारताना आपला सूर तपासणीचा झालाय, हे तिला ऐकू आलं.

“आवाज चोख होता गं.” सन्मती स्वतःच्या हातांकडे बघत होता. “मी विचारलं, ‘दमलीस का?’ आणि ती थांबली. दमलीय की नाही याचा जरा विचार केला तिने. मग म्हणाली, ‘हो, थोडी.’ मी फोन कानाला लावून उभाच राहिलो. यामिनी, गेल्या चार वर्षांत तू माझ्या कुठल्याच प्रश्नाला थांबली नव्हतीस. जेवलीस का? हो. बरी आहेस का? हो. दिवाळीला येणार का? हो. आप्पांचं बघितलंस ना आत्ता? ज्याला ऐकू येत नाही आणि ते कबूल करायचं नाही, तो असं करतो. वाजायच्या आधी बोट वर.”

यामिनीने त्या मुद्रणांचा विचार केला. या खोलीतली ती, बत्तीस वर्षांची, प्रश्न पुरता ऐकून घेणारी. दुय्यमाने थांबणं तिच्याकडून उचललं होतं. सन्मतीला रविवारी अकरा वाजता तीच भेटत होती.

“मग तू बोलत का राहिलास?”

“आधी राग आला. दोन-तीन रविवार मी मुद्दाम तिला चुकवायला बघितलं, जुनं काहीबाही विचारून.” तो थांबला. “मग मी रविवारची वाट बघायला लागलो. शनिवारीच डोक्यात यायचं, उद्या हे सांगायचं, ते सांगायचं. सांगायला लाज वाटते मला. पण ती ऐकायची गं. सदतीस रविवार.”

यामिनीला रडू येईल असं वाटलं होतं. ते आलं नाही.

“पत्राचं तरी तुझ्यापर्यंत पोचेल असं वाटलं होतं,” तो म्हणाला. “सोमवारी मेसेज टाकला. तिचंच उत्तर आलं. तुझ्या कचेरीत फोन केला. तिथेही तुझाच आवाज. म्हणून बुधवारी पुण्याला आलो.”

“कधी? कुठे?”

“तुमच्या पाचव्या मजल्यावर. पाहुण्यांच्या सोफ्यावर बसलो होतो अर्धा तास. तू काचेच्या खोलीत सगळ्यांसमोर उभी राहून काहीतरी समजावत होतीस. हात असे करत.” त्याने तिच्यासारखे हात करून दाखवले. “किती खूश दिसत होतीस. मी तुला असं इथे बघायचो पूर्वी.”

“आत का नाही आलास? हाक का नाही मारलीस?”

“मारली असती तर काय झालं असतं? मी विचारलं असतं, येतेस का? तू म्हणाली असतीस, हो. लगेच. सोमवारी कोल्हापूरला आली असतीस, सही केली असतीस, मंगळवारी पहाटेच्या गाडीने परत गेली असतीस. मला ते ‘हो’ नको होतं, यामिनी.”

त्याने शर्टाच्या खिशातून एक फोटो काढला आणि मधल्या टेबलावर ठेवला. मुलीचे केस अगदी बारीक कापलेले होते. फोटो काढणाऱ्याकडे तिने उजवा कान केला होता, म्हणून चेहरा जरा तिरका आला होता. त्या वयाची मुलं कॅमेऱ्याकडे बघतात. ही ऐकत होती.

“तिला यंत्र बसवता येईल,” सन्मती म्हणाला. “कान तेवढा वाईट नाही. पण यंत्र बसवलं की झालं, असं नसतं. रोज कुणीतरी समोर बसून बोलावं लागतं. तोंड दिसेल असं. तिने उत्तर द्यायची वाट बघत. दोन वर्षं, तीन वर्षं.”

“तू एकट्याने अर्ज…”

“एकट्या पुरुषाला मुलगी देत नाहीत. तुला माहितेय ते.”

तिला माहीत होतं. तिने फोटो हातात घेतला. हो म्हणणं किती सोपं होतं, तेही तिला कळत होतं. तो शब्द जिभेच्या टोकावर तयार होता, गेली चार वर्षं असायचा तसाच. त्याच्यामागे तिने कधी पाहिलं नव्हतं. आता पाहिलं, तर तिथे कराडचा गार झालेला चहा होता आणि बंगळूरचा तो छान प्रश्न, ज्याचं अर्धं उत्तर अजून तिच्या डोक्यात फिरत होतं. तिथे सोमवारची ती मोठी खोली होती, आणि तिथे उभं राहायची तिची इच्छा होती. मुलगी नको होती असंही नव्हतं. ती हवीशी वाटावी, असं तिला मनापासून वाटत होतं. पण तिने आयुष्यभर मोजमापाचं काम केलं होतं. वाटावं असं वाटणं आणि वाटणं या दोन आकड्यांत किती अंतर आहे, ते तिला दिसत होतं.

आपला उजवा हात पर्समध्ये गेलाय, हे तिच्या लक्षात आलं. तो फोन चाचपत होता. या खोलीत फोन लागत नाही हे माहीत असूनही, आत आल्यापासून तिने तो तिसऱ्यांदा चाचपला होता. सन्मतीने ते पाहिलं आणि नजर दुसरीकडे वळवली.

एक रविवार तिच्या डोळ्यांसमोर आला. मुलगी पाच वर्षांची झालीय. अकरा वाजलेत. तिने फोन उजव्या कानाला धरलाय आणि विचारलंय, आई, तू कधी येणार? आणि एक आवाज थांबलाय. बरोबर जेवढं थांबायला हवं तेवढाच थांबलाय, मायेने, श्वास आत घेऊन. मुलगी त्या थांबण्यात सगळं ऐकतेय आणि तिला ते खरं वाटतंय.

“सन्मती,” ती म्हणाली.

“घाई नाही,” तो म्हणाला. “खरंच. बस तू.”

ती बसून राहिली. तोही बसून राहिला. भिंतींनी बाहेरचं काही आत येऊ दिलं नाही. मध्ये एकदा तिने तोंड उघडलं आणि मिटलं. सन्मतीने मान हलवली, जणू ते उत्तरही त्याने ऐकून घेतलं होतं. त्याचे डोळे भरले होते, पण त्याने ते पुसले नाहीत. पेशंटने बोट वर करायची वाट बघताना तो बसायचा तसाच तो बसला होता, हात मांडीवर ठेवून, पुढे काही न ढकलता.

यामिनीने फोटो टेबलावर ठेवला, सरळ, त्याच्याकडे तोंड करून.

“मी येणार नाही,” ती म्हणाली. “सोमवारीही नाही आणि त्यानंतरही नाही. पहिली दोन वर्षं संपली तेव्हाच माझं ठरलं होतं, सन्मती. मी तुला सांगितलं नाही.”